गेटपासवरचा चेहरा, स्टुडिओतला कोट: पोर्ट्रेट फोटोत कपडे नेमकं काय सांगतात?

चाकण एमआयडीसीत कामाला लागायचं म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर आधी चार गोष्टी मागतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि पासपोर्ट साइज फोटो. पहिल्या तीन गोष्टी बहुतेकांकडे असतात. चौथीसाठी स्टुडिओ गाठावा लागतो.

महाळुंग्यात असे स्टुडिओ शोधावे लागत नाहीत. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज आणि ‘अर्जंट फोटो’ हे सगळं एकाच गाळ्यात मिळतं. मागे पांढरा किंवा निळा पडदा, समोर स्टूल, भिंतीवर आरसा, त्याच्या कडेला कंगवा. आणि जुना स्टुडिओ असेल, तर खुंटीवर एक काळा कोट. हा कोट सगळ्यांना व्हावा अशा मापाचा असतो, त्यामुळे तो कुणालाच नीट होत नाही. मागून पिना मारल्या की समोरून बरोबर बसल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं.

आता खुंटीवरचा कोट कमी झालाय. त्याची जागा कॉम्प्युटरमधल्या कोटाने घेतली आहे. साध्या टी-शर्टवर फोटो काढायचा, मान कापायची आणि तयार कोट-टायवर बसवायची. दोन मिनिटांचं काम.

गंमत अशी की एकाच माणसाचे दोन फोटो दोन वेगळी माणसं वाटतात. गेटपासवरच्या फोटोत तो कंपनीच्या शर्टात आहे, गळ्यात आयकार्डाची दोरी आहे, नजर सरळ आहे. लग्नाच्या बायोडाट्यावरच्या फोटोत तोच माणूस कोटात आहे. दोन्ही फोटो खरे आणि दोन्ही त्याचेच. फरक एवढाच की पहिल्यातला शर्ट कंपनीने दिलाय आणि दुसऱ्यातला कोट त्याने मागून घेतलाय.

जगभरातले फोटोग्राफर आणि अभ्यासक गेली अनेक वर्षं या एका फरकाभोवती काम करत आहेत. पोर्ट्रेटमधले कपडे कोणी निवडले? काम करणाऱ्या माणसाचा फोटो कामाच्या कपड्यांत काढायचा की ते उतरवून? आणि हे ठरवायचं कोणी?

आधी महाळुंगे कुठलं, ते बघू

पुण्यात महाळुंगे म्हटलं की अनेकांना बालेवाडीशेजारचं महाळुंगे पाडाळे आठवतं. हे ते नाही. हे खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, तळेगाव-चाकण रस्त्यावरचं. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्याचा पत्ता बघितला तर त्यात गाव म्हणून महाळुंगेच लिहिलेलं आहे. त्या कारखान्यात १९९९ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ याच पट्ट्यात आल्या, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची रांग लागली.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट याच्या कितीतरी आधीची आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, एमआयडीसी हे महामंडळच १९६२ मध्ये स्थापन झालं. तिथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या आता शहराच्या झाल्या आहेत. चाकण पट्ट्यात मात्र मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली पोरं चाळीतल्या एका खोलीत चार-पाच जण मिळून राहतात. शेतकरी कुटुंबातून आलेला मुलगा इथे आल्यावर आठवड्याभरात ‘ऑपरेटर’, ‘हेल्पर’ किंवा ‘ट्रेनी’ होतो. हा बदल सगळ्यात आधी अंगावर दिसतो, कारण कंपनी शर्ट देते.

गेटच्या आत कॅमेरा चालत नाही

बहुतेक मोठ्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोटो काढायला बंदी असते. नवीन मॉडेलचं डिझाइन बाहेर जाऊ नये, हे त्यामागचं कारण. कुठे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, कुठे कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत सोडतात.

म्हणजे जो माणूस रोज आठ तास लाइनवर उभा राहून मोटारसायकल जोडतो, त्याच्याकडे मोटारसायकल जोडतानाचा स्वतःचा एकही फोटो नसतो. कामाची जी काही निशाणी गेटबाहेर येते ती अंगावरचा शर्ट, सेफ्टी शूज आणि आयकार्ड एवढीच. त्यामुळे इथल्या पोर्ट्रेटमध्ये कपडे फार महत्त्वाचे ठरतात. त्यांच्याशिवाय कामाचा दुसरा पुरावाच नाही.

या कपड्यांचं डिझाइन मुळात दिसण्यासाठी नसतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २२ बघा. चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेल-वंगणाचं काम करायचं तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असं त्यात म्हटलं होतं. धोतराचा सोगा, पदर किंवा सैल बाही पट्ट्यात अडकली तर माणूस यंत्रात ओढला जातो. गणवेशामागे हे साधं आणि भयंकर कारण आहे.

‘पुरुष कामगार’ हा शब्दही लक्षात ठेवण्यासारखा. पुढे कितीतरी वर्षं शॉप फ्लोअरवर बाई दिसणं हीच बातमी होती. आता याच औद्योगिक पट्ट्यात महिलांच्या असेंब्ली लाइन आहेत. शर्ट-पँट आणि सेफ्टी शूज घालून, ओढणी लॉकरमध्ये ठेवून मुली लाइनवर उभ्या राहतात. त्यातल्या अनेकींच्या घरी हा वेश फक्त फोटोतूनच माहीत असतो.

कामाच्या कपड्यांचा आणि महाराष्ट्राचा एक जुना धागाही आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आलाय. डोंगरीच्या आसपास मिळणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या नोंदींत सापडतं. खलाशी ते वापरायला लागले, मग कामगार, आणि शेवटी कापडाचं नाव कपड्यालाच चिकटलं. आज मॉलमध्ये लहान मुलांसाठी ‘डंगरी’ विकत घेणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल कोण जाणे.

गणवेश सगळ्यांना एकसारखा करतो असं म्हणतात. औद्योगिक पट्ट्यात राहणारा कुणीही यावर हसेल. अनेक कारखान्यांत शर्टाच्या रंगावरून, कॉलरच्या पट्टीवरून नाहीतर आयकार्डाच्या दोरीवरून पर्मनंट कोण, कंत्राटी कोण आणि ट्रेनी कोण ते लांबून कळतं. कँटीनच्या रांगेत कळतं, चहाच्या टपरीवर कळतं. मग फोटोतही कळणारच.

कापडाचे नमुने आणि माणसांचे नमुने

कपड्यावरून माणूस ओळखायचा आणि त्याचा फोटो काढून नोंद करून ठेवायची, ही कल्पना कारखान्यांनी शोधलेली नाही. ती भारतात कॅमेऱ्याच्या सुरुवातीपासूनची आहे, आणि तिच्या मुळाशी खरोखरच कापड आहे.

जॉन फोर्ब्स वॉटसन हा लंडनच्या इंडिया म्युझियममधला अधिकारी. १८६६ मध्ये त्याने भारतीय कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यात लुगडी, धोतरं, पागोटी, शाली यांचे ७०० खरेखुरे तुकडे कापून चिकटवलेले होते. असे २० संच बनवले गेले. १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. हेतू उघड होता. भारतातले लोक काय नेसतात, कुठला काठ आणि कुठला पोत त्यांना आवडतो, हे मँचेस्टरसारख्या शहरांतल्या गिरणीमालकांना कळलं की तसंच कापड यंत्रावर विणून इथे विकता येणार होतं.

याच वॉटसनने जॉन विल्यम के याच्याबरोबर आणखी एक प्रकल्प संपादित केला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे त्याचं नाव. १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले. त्यात साडेचारशेहून जास्त फोटो आहेत, आणि हे फोटो माणसांचे आहेत. त्यांची मांडणी जाती-जमातींनुसार केलेली आहे. एका अधिकाऱ्याने आधी कापडाचे नमुने गोळा केले, मग माणसांचे. दोन्हीकडे पद्धत तीच. तुकडा, खाली नाव, शेजारी वर्णन.

मुंबईतही हे चाललं होतं. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली बरीच छायाचित्रं जोडलेली आहेत. माणसांचा फोटो एकीकडे काढलेला, मागचा देखावा दुसरीकडचा. आजचा स्टुडिओवाला मान कापून कोटावर बसवतो, त्याचे हे खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात टोकाचा प्रकार जॉन लॅम्प्रीचा. १८६९ मध्ये त्याने लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन केले आणि माणसांना त्यासमोर उभं करून फोटो काढायची पद्धत सुचवली. म्हणजे फोटोवरूनच शरीराची मापं काढता येतील. पडदा हा मागे टांगलेला निरुपद्रवी कपडा असतो असं वाटत असेल, तर हे उदाहरण डोक्यात ठेवावं.

मजूर कामाच्या कपड्यांत, पण कोणाच्या सांगण्यावरून?

विसाव्या शतकात काम करणाऱ्या माणसाच्या पोर्ट्रेटला दोन मोठे फोटोग्राफर मिळाले. जर्मनीचा ऑगस्ट झांडर आणि अमेरिकेचा आयर्व्हिंग पेन.

झांडरने १९२९ मध्ये ६० पोर्ट्रेटचं पुस्तक काढलं. त्याच्या संग्रहात शेतकरी, वकील, गवंड्याच्या हाताखालचा मजूर, केक बनवणारा असे सगळे आहेत. केकवाल्याचा १९२८ चा फोटो जगप्रसिद्ध आहे. अंगात लांब पांढरा झगा, हातात भांडं, पायांत चकचकीत बूट, आणि उभं राहण्याची ऐट अशी की समोर बँकेचा मॅनेजर असला तरी त्याने आधी नमस्कार करावा. झांडरने माणसांना बहुतेक वेळा नाव दिलं नाही, धंदा दिला. तरीही नाझींना हे पुस्तक सहन झालं नाही. १९३६ मध्ये त्यांनी उरलेल्या प्रती जप्त केल्या आणि छपाईच्या प्लेट नष्ट केल्या. ‘शुद्ध’ जर्मन चेहऱ्याची जी जाहिरात चालू होती, तिच्यात ही खरी माणसं बसत नव्हती.

पेनची गोष्ट कपड्यांच्या बाबतीत जास्त बोलकी आहे. १९५० आणि १९५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने छोटे धंदे करणाऱ्यांचे फोटो काढले. खाटीक, कोळसेवाले, मासेवाल्या, खिडक्या पुसणारे. अट एकच होती: कामाच्या कपड्यांत यायचं, हत्यारं घेऊन यायचं. मागे नाटकाचा जुना पडदा आणि दिवसाचा उजेड. पेनने पुढे लिहून ठेवलंय की पॅरिसच्या लोकांना संशय आला की यात काहीतरी गोम आहे, लंडनच्या लोकांना अभिमान वाटला, आणि अमेरिकेतले काही जण सांगूनही दाढी करून, रविवारचा ठेवणीतला सूट घालूनच स्टुडिओत आले.

त्या अमेरिकनांना आपल्याकडचा कुठलाही फोटोवाला लगेच ओळखेल. फोटो काढायचा म्हणजे चांगले कपडे घालायचे. त्यात लपवाछपवी कसली? पेनला ‘खरा’ कामगार हवा होता. समोरच्याला मात्र खरा मी म्हणजे कामावरचा मी, हे मान्यच नव्हतं.

कपडे बदलणं हीच जेव्हा मागणी असते

महाराष्ट्राला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर खास भाषण केलं होतं. लुगडं कसं नेसता आणि अंगावर कसले दागिने घालता यावरून जात ओळखू येते, तेव्हा ती खूण टाकून द्या आणि लुगडं पायघोळ नेसा, असं त्यांचं सांगणं होतं. कुणी काय नेसावं याचे नियम गावाने ठरवलेले असताना नेसण्याची पद्धत बदलणं ही साधी गोष्ट नव्हती.

म्हणून बाबासाहेबांच्या फोटोतला सूट हा नुसता सूट राहत नाही. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला. ज्यांच्यावर कमी कपड्यांची सक्ती पिढ्यानपिढ्या झाली, त्यांना त्या त्यागात आपलं काही दिसलं नसेल तर नवल नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत भिंतीवर लागलेलं बाबासाहेबांचं कोट-टायमधलं पोर्ट्रेट आणि महाळुंग्याच्या स्टुडिओतला खुंटीवरचा कोट यांना जोडणारी सरळ रेघ काढता येणार नाही. पण कोटाचा अर्थ इथे काय होतो, याचा अंदाज त्यातून येतो.

आफ्रिकेतल्या मालीमध्येही असंच घडलं. सेदू केता याने १९४८ मध्ये बामाको शहरात स्टुडिओ सुरू केला. त्याचा पहिला पडदा म्हणजे त्याच्याच पलंगावरची चादर. स्टुडिओत सूट, घड्याळं, रेडिओ ठेवलेले असत, आणि एक व्हेस्पा स्कूटरसुद्धा. ज्याला जे हवं ते घालून, ज्यावर बसायचं त्यावर बसून फोटो काढायचा. मालीवर तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. सरकारी नोंदीत ‘नेटिव्ह’ असलेला माणूस केताच्या फोटोत शहरातला साहेब असे. आकुर्डीच्या चेतक स्कूटरवर बसून फोटो काढलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना हे चित्र ओळखीचं वाटेल.

भारतातलं सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र मध्य प्रदेशात सापडतं. नागदा हे उज्जैनजवळचं कारखान्याचं गाव. ग्रासिम कंपनीने १९५४ मध्ये तिथे विस्कोसचा धागा बनवायला सुरुवात केली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी या गावात अनेक वर्षं घालवली आणि १९९७ मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक लिहिलं. तिथल्या सुहाग स्टुडिओचे सुरेश पंजाबी यांच्या फोटोंवर त्यांचं ‘आर्टिझन कॅमेरा’ हे पुस्तक २०१३ मध्ये आलं.

नागद्यात कपड्याचा धागा बनतो, आणि तो बनवणारे लोक स्टुडिओत येऊन हवे ते कपडे घालून फोटो काढतात. पिनी यांनी नोंदवलेली गोष्ट साधी पण महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य पोर्ट्रेटमध्ये माणसाचा आतला स्वभाव पकडायची धडपड असते. नागद्याच्या गिऱ्हाइकाला त्यात फारसा रस नाही. आहोत त्यापेक्षा छान, वेगळं, सिनेमातल्यासारखं दिसता आलं तर फोटोचा उपयोग. तो खोटं बोलतोय असं त्याला वाटत नाही, आणि फोटोवाल्यालाही वाटत नाही.

आजचे फोटोग्राफर यात काय करतायत?

मुंबईचे सुधारक ओलवे यांचं नाव इथे पहिल्यांदा घ्यायला हवं. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी केलेलं काळं-पांढरं काम देशाबाहेरही पोहोचलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या फोटोंत सगळ्यात जास्त बोलते ती न दिसणारी गोष्ट. गटारात उतरलेल्या माणसाच्या हातात हातमोजे नाहीत, तोंडावर मास्क नाही, अंगात संरक्षक पोशाख नाही. पेनच्या फोटोत हत्यारं आणि कपडे धंद्याची शान दाखवतात. ओलवेंच्या फोटोत नसलेला कपडा म्हणजे मालकाने न पाळलेली जबाबदारी असते. आणि हे काम करणारे बहुतांश दलित का आहेत, हा प्रश्न फोटो बघणाऱ्याच्या मागे लागतो.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी जुन्या वसाहतकालीन फोटोंनाच उलटा सवाल केला. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. पुष्पमाला स्वतः वेश करून त्या जुन्या चित्रांमधली बाई होतात. मापं घेण्यासाठीचा तो चौकटीचा पडदाही त्यात येतो, फक्त यावेळी पडद्यासमोर कोण उभं राहणार हे समोर उभ्या राहणाऱ्या बाईने ठरवलेलं असतं.

दक्षिण आफ्रिकेत झानेले मुहोली यांनी २०१२ पासून स्वतःच्या पोर्ट्रेटची एक मालिका केली. आई बेस्टर घरकाम करायची. तिच्या नावाने काढलेल्या फोटोत मुहोली यांच्या डोक्यावर मुकुटासारखे दिसतात ते कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. दुसऱ्या एका फोटोत भांडी घासायच्या घासण्या आहेत. लांबून बघताना राणी वाटते, जवळ गेल्यावर मोरी दिसते.

महाराष्ट्रातच, पालघरमधल्या जव्हार भागात गौरी गिल यांनी कोकणा आणि वारली कलाकारांसोबत ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ हे काम केलं. तिथे बोहाड्यासाठी देवदेवतांचे कागदी लगद्याचे मुखवटे बनवतात. गिल यांनी रोजच्या जगण्यातले मुखवटे बनवायला सांगितले. मग मुखवटा घातलेली माणसं दुकानात, दवाखान्यात, घरात आपापली कामं करताना दिसतात. पोर्ट्रेट आहे, पण चेहरा कुणाचाच नाही. केतकी शेठ यांच्या ‘फोटो स्टुडिओ’ या २०१८ च्या कामात तर उरलेसुरले जुने स्टुडिओच विषय आहेत: रंगवलेले पडदे, खुर्च्या, त्यांच्यासमोर उभे राहिलेले लोक.

या सगळ्या कामांचे फोटो आर्ट गॅलरीत लागतात. गॅलरीतली भिंत आणि महाळुंग्यातला गाळा यांच्यात अंतर आहेच. पण गाळ्यातला माणूस कोट मागतो तेव्हा तो याच प्रश्नावर आपलं मत देत असतो.

वर्षातून एक दिवस: खंडेनवमी

कामगार आणि यंत्र एकाच फोटोत येण्याची एक संधी मात्र या पट्ट्यात दरवर्षी मिळते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला. छोट्या वर्कशॉपपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत यंत्रं धुऊन-पुसून लख्ख करतात. लेथला, प्रेसला, कन्व्हेअरला झेंडूच्या माळा घालतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. पेढे वाटले जातात.

त्या दिवशी गणवेश नसतो. कुणी कुर्ता घालतो, कुणी फेटा बांधतो, मुली साडी नेसून येतात. वर्षभर ज्या यंत्राजवळ पदर न्यायला बंदी असते, त्याच यंत्राजवळ त्या पदर घेऊन उभ्या राहतात, कारण यंत्र बंद असतं. फोटो काढू दिला जातो, निदान छोट्या युनिटमध्ये तरी. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर हे फोटो फिरतात. गावाकडच्या आईला पोरगं कुठल्या मशीनवर काम करतं ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं. गॅलरीत लागलेल्या अनेक फोटोंपेक्षा हा फोटो जास्त गुंतागुंतीचा आहे. यात काम आहे, ठेवणीतले कपडे आहेत, आणि दोन्ही एकत्र ठेवायचा निर्णय कामगाराचा आहे.

आणि सरकारी फोटो?

या सगळ्याच्या उलट टोकाला ओळखपत्राचा फोटो आहे. मतदार ओळखपत्र १९९३ मध्ये आलं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्टुडिओ पाहिला नव्हता अशा कितीतरी लोकांचा पहिला फोटो सरकारने काढला. पहिलं आधार २०१० मध्ये दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आधारच्या फोटोमागे पांढरा पडदा लागतो. त्यावर देखावा नाही, चादर नाही, व्हेस्पा नाही. माणूस कुठला, काय करतो, हे काहीच दिसू नये आणि फक्त चेहरा उरावा, अशी ती रचना आहे.

कामगाराच्या आयुष्यात हा चेहरा आता सतत लागतो. ईएसआयच्या ओळखपत्रावर कुटुंबाचा फोटो लागतो. बायको-मुलं गावाला असली तर स्टुडिओवाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आणि समोर बसलेला माणूस जोडून देतो. जॉन्सनची जुनी युक्ती, वेगळ्या कामासाठी. पीएफच्या नवीन यूएएन नंबरसाठी तर ऑगस्ट २०२५ पासून बहुतांश लोकांना मोबाइलसमोर चेहरा धरून पडताळणी करावी लागते. त्यात शर्टाचा रंग कुणी बघत नाही. फोटोही कामगाराच्या हातात पडत नाही.

पासपोर्ट फोटोचं पाकीट घेतलं की त्यात साधारण आठ कॉपी येतात. दोन कॉन्ट्रॅक्टरकडे जातात, एक गेटपासवर, एक बँकेत. उरलेल्या पाकिटातच राहतात, पाकीट ट्रंकेत. आणि कधीतरी अशी वेळ येते की घरच्यांना मोठा फोटो हवा असतो. दिवसकार्याला ठेवायला, हार घालायला, चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर छापायला. तेव्हा घरात शोधल्यावर हाताला लागतो तो हाच साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा तुकडा.

तो घेऊन कुणीतरी पुन्हा स्टुडिओत येतं. स्टुडिओवाला फोटो स्कॅन करतो, मोठा करतो. आधी आयकार्डाची दोरी पुसतो, मग कंपनीचं नाव असलेला खिसा. मागचा पांढरा रंग काढून आभाळ टाकतो. मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवून विचारतो, कोट घालू का फेटा?